चालणारा घरी येऊन राहिला

भिलाईला कुणी फिरायला जात नाही. मी जाते आहे म्हटल्यावर सांगलीत मला दोनच प्रश्न विचारले गेले. पहिला, तिथे बघण्यासारखं काय आहे. दुसरा, मुलगा तिकडे नोकरीला असतो का. मला मुलगा नाही, आणि बघण्यासारखं काय आहे ते मलाच माहीत नव्हतं. मी एका वाक्याचा अर्थ विचारायला चालले होते. हे खरं कारण सांगितल्यावर मात्र लोकांनी हवापाण्याचा विषय काढला.

त्याचं असं झालं. मी कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाले. गणित मराठीत लिहिता येतं असं मानणाऱ्या काही हट्टी लोकांचं एक मंडळ आहे, त्यात मी आहे. आम्ही दर वर्षी विद्यार्थ्यांकडून मराठीत लिहिलेलं संशोधन मागवतो. ज्याचं निवडलं जातं त्याला उन्हाळाभर पुण्यात राहून एका चांगल्या संशोधकाच्या हाताखाली काम करायला मिळतं. मंडळाकडे देण्यासारखं एवढंच आहे, पण ज्यांना मिळालं त्या पोरांचं त्यातून भलं झालेलं मी पाहिलं आहे. यंदा भिलाईहून एक लेख आला. पल्लवी मेश्राम, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. लेखाचं नाव ‘बेभरवशाची चाल’. आम्ही त्याला ‘यादृच्छिक भ्रमण’ म्हणतो आणि म्हणताना दर बैठकीत कुणीतरी अडखळतो. मला तिचं नाव आवडलं.

विषय सांगायला सोपा आहे. घरातून निघालेला माणूस प्रत्येक चौकात नाणी उडवतो आणि नाणी सांगतील त्या रस्त्याने पुढच्या चौकात जातो. तिथे पुन्हा नाणी. हा माणूस कधी घरी परत येईल का? रस्ते चौकटीच्या वहीसारखे उभे-आडवे असतील आणि गाव कुठेच संपत नसेल, तरी तो येईल, नक्की येईल. पण किती वेळात, याची सरासरी काढायला गेलं तर ती अनंत निघते. इथवर जुनं आहे. पल्लवीने विचारलं होतं, यातले काही रस्ते बंद केले तर? कुठे भिंत, कुठे बाग, कुठे खोदकाम. तरीही तो परत येतो हे तिने आपल्या पद्धतीने सिद्ध केलं होतं, आणि पद्धत देखणी होती.

अडचण पहिल्याच पानावर होती. तिथे लिहिलं होतं, ‘चालणारा घरी येऊन राहिला.’ आणि दुसऱ्या पानावर, ‘आता तो चौकात आहे, नाणी टाकू.’ आमच्या अध्यक्षांनी समासात लाल शाईने लिहिलं, ‘घरी येऊन राहिला तर चौकात कसा?’ आणि त्याखाली, ‘भाषा अशुद्ध.’ चालणारा घरी पोचल्यावर कायमचा थांबतो की पुन्हा निघतो, हे या गणितात आधी ठरवावं लागतं. तो थांबला असेल तर पुढची सगळी पानं वाया. मी तिला ईमेलवर विचारलं, ‘चालणारा शेवटी घरी राहतो का?’ उत्तर आलं, ‘हो मॅडम, सेक्टर 2 मध्ये राहतो.’

विदर्भातल्या वाचकाला एव्हाना हसू फुटलं असेल. त्याने जरा कळ काढावी. मला त्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावं लागलं.

अध्यक्ष म्हणाले, नाकारून टाकू. मी म्हटलं, रविवारी संध्याकाळपर्यंत थांबा, मी समोर बसून विचारते. ते म्हणाले, तुम्हाला हौस फार. ते खरं आहे.

दुर्ग

भिलाईला लागूनच्या दुर्ग स्टेशनवर गाडीतून उतरले तर फलाटावर पल्लवीचे वडील उभे होते. हातात माझ्या नावाचा पुठ्ठा होता. त्यावर मराठीत ‘मॅडम’ असं लिहिलं होतं, नाव नव्हतं. पण बरोबर तीच मॅडम उतरली, त्यामुळे पुठ्ठ्यात काही चूक काढता आली नाही.

“जय भीम, मॅडम,” ते म्हणाले.

“नमस्कार,” मी म्हटलं, आणि मग माझं मलाच लक्षात येऊन, “जय भीम.” ते हसले आणि त्यांनी माझी बॅग घेतली.

मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे. त्यांचे वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात लागले, मग हे लागले. रेल्वेचे रूळ बनतात त्या मिलमध्ये ते काम करतात आणि आता निवृत्तीला आले आहेत. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, बॅग मांडीवर घेऊन, मी भिलाईत शिरले. वाटेत त्यांनी दोघांना थांबून माझी ओळख करून दिली. आमच्याकडे नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात आणि मग उरलेलं मनात जुळवतात. इथे पहिला प्रश्न येतो, कौन सा सेक्टर? मग स्ट्रीट, मग क्वार्टर नंबर. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. सांगलीत माझं घर ‘पाण्याच्या टाकीमागे’ आहे. हे मी हिंदीत सांगितलं तेव्हा दोघांनीही सहानुभूतीने मान हलवली.

सेक्टर 2

क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे व्हरांडा, अंगणात शेंगांनी लगडलेला शेवगा. त्याला इथे मुनगा म्हणतात. आत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पल्लवीचं टेबल. पल्लवीची आई शीलाताई माझ्यापेक्षा बरीच लहान, पण पहिल्या पाच मिनिटांत तिने मला ताब्यात घेतलं. पाय धुवा, इथं बसा, कूलरसमोर नाही, तिथं सर्दी होते.

“चहा करून राहिली, मॅडम. तवर पाणी घ्या.”

ही नागपुरी बोली. सांगलीत ती आम्हाला विनोदातून ठाऊक असते. प्रत्यक्षात ऐकायला फार गोड वाटली. दिवसभर त्या घरात कुणी ना कुणी काही ना काही करून राहिलं होतं. मी ते कौतुकाने ऐकत होते, आणि लेखाची प्रत माझ्या पर्समध्ये होती. या दोन गोष्टींची डोक्यात गाठ पडली नाही. मी छत्तीस वर्षं लोकांना दोन अधिक दोन शिकवलं आहे.

जेवणाचं सांगायला हवं. सांगलीकराला आपण तिखट खातो असा एक अभिमान असतो. तो शेजारच्या कोल्हापूरकडून उसना आणलेला आहे, हे मला शीलाताईच्या पाटोडीच्या रश्श्याने समजावलं. बेसनाच्या वड्या दिसायला निरुपद्रवी. रस्सा काळसर. दुसऱ्या घासाला मला ऐकू येईनासं झालं. “तिखट झालं का जी?” शीलाताईने विचारलं. मी म्हटलं, नाही, छान आहे. तिने लगेच आणखी वाढलं. सकाळी मात्र तांदळाच्या पिठाचा मऊसूत चिला आणि टोमॅटोची चटणी होती. मेश्राम ड्युटीवर जाण्याआधी बासी खात होते, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, कांदा आणि मीठ. उन्हाळ्यात पोट थंड राहतं म्हणे. मी मागून घेतला आणि आदल्या रात्रीच्या रश्श्याशी माझा तह झाला.

पल्लवी माझ्याशी हिंदीत बोलत होती. सडपातळ, चष्मा, बोलताना पेन उघडझाप करण्याची सवय. आईशी मराठी, मैत्रिणीशी फोनवर हिंदी, आणि माझ्याशी अतिशय शुद्ध, जपून टाकलेली हिंदी.

“बोल नं वो मराठीत,” शीलाताई म्हणाली. “मॅडम मराठीच आहेत.”

“माझी मराठी अशुद्ध आहे, आई. मंडळाच्या पत्रात लिहून आलं.”

ती रागाने म्हणाली नाही, रक्तगट सांगावा तसं म्हणाली. मला फार वाईट वाटलं. शाळेत हिंदी, कॉलेजात इंग्रजी, आणि मराठी फक्त या दोन खोल्यांत ऐकलेली. त्यावर हिने आठ पानांचं गणित लिहिलं होतं, आणि आम्ही लाल शाई घेऊन बसलो होतो. ती शाई माझी नव्हती, पण मंडळ माझंच होतं.

मी तिला सरळ विचारलं, “पहिल्या पानावर चालणारा घरी पोचला आहे ना?”

“नहीं मॅडम. अभी कहाँ पहुँचा.”

“मग राहिला कसा?”

तिने जेवून उठलेल्या सगळ्यांकडे बघितलं. “कौन राहिला? सब तो खा चुके.”

मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश, वयस्कर माणसांना सांगतात तसं. शेवटी म्हणाली, मॅडम, चलके दिखाती हूँ.

सेक्टर 10

चालून दाखवायला आम्ही तिच्या स्कूटीवरून सेक्टर 10 ला गेलो. सेक्टर 2 मध्ये प्रयोग होत नाही असं ती म्हणाली. तिथे सगळे ओळखतात. मेश्रामांची मुलगी या वेळी या रस्त्याला कशी, हे विचारलं जातं, आणि उत्तर देता देता चालीतला बेभरवसा निघून जातो.

रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, क्वार्टरं एकसारखी. हिच्या गणिताला असंच गाव हवं होतं. एक मोठं नाणं, एक लहान. दोघांच्या छाप्या-काट्यांवरून चार दिशा ठरलेल्या. सुरुवात एका बंद किराणा दुकानापासून, ते ‘घर’. नाणी मी उडवायची असं ठरलं, कारण पाहुण्याचा मान.

मानाचा उपयोग झाला नाही. नाण्यांनी आम्हाला एका चौकातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून परत पहिल्यात पाठवलं, आणि असं इतक्या वेळा केलं की मधल्या क्वार्टरच्या बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

“किसका मकान ढूँढ रहे हो?”

“किसी का नहीं, आंटी,” पल्लवी म्हणाली.

“फिर घूम क्यों रहे हो?”

“गणित है.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या वयाकडे बघून त्यांनी काहीतरी ठरवलं असावं, कारण त्या आत गेल्या आणि थंड पाण्याची बाटली घेऊन आल्या. पल्लवीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “इनको घर का पता याद है ना?” मला हिंदी चांगलं कळतं. मी पाणी प्यायले.

ऊन वाढलं, एक कुत्रं सोबत चालू लागलं, आणि आम्ही किराणा दुकानापासून लांब लांब जात राहिलो. एका रस्त्यावर पाइपासाठी खोदकाम होतं. नाण्यांनी नेमका तोच रस्ता सांगितला. पल्लवीचा चेहरा उजळला. “ये देखिए मॅडम, बंद रस्ता. नियम क्या है? इथंच थांबायचं आणि पुन्हा टाकायचं.” पहिल्यांदा तिच्या तोंडून माझ्यासमोर मराठी वाक्य निसटलं. तिचं तिलाच कळलं आणि ती पुन्हा हिंदीवर गेली.

घरी काही आम्ही परतलो नाही. म्हणजे त्या दुकानाशी. शेवटी प्रयोग अर्धवट सोडून स्कूटी शोधली. मी म्हटलं, “बघ, नाही आला चालणारा.” ती म्हणाली, “आएगा मॅडम. हमने छोड़ दिया, उसने नहीं छोड़ा.” हे मला पटलं, पण माझं लाल शाईतलं वाक्य जिथल्या तिथेच होतं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

कुरुद

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागतं, म्हणून मेश्रामांनी भिलाईलगतच्या कुरुदला घर बांधायला काढलं आहे. गावाच्या कडेची जागा, आता सगळीकडे अर्धवट भिंती आणि वाळूचे ढीग. रविवारी दुपारी आम्ही सगळे तिथे गेलो. जिना कुठून चढवायचा ते मिस्त्री दाखवणार होता. मिस्त्री म्हणजे गवंडी. शीलाताईने वडाभाताचा डबा घेतला होता. विटांवर वर्तमानपत्र टाकून आम्ही सावलीत बसलो.

मला जेवण जात नव्हतं. तासाभरात अध्यक्षांना फोन करायचा होता, आणि सांगायला काही नव्हतं. पल्लवीही खात नव्हती. काल रात्री तिने आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं, की होणार नाही पुण्याचं, मॅडमला पटून नाही राहिलं. शीलाताई मला मात्र एका शब्दाने बोलली नव्हती. वडे तेवढे जास्त वाढत होती.

मेश्रामांनी फोन ठेवला. “मिस्त्री येऊन राहिला, मॅडम.”

मी उठले, साडीवरची धूळ झटकली आणि मिस्त्रीला भेटायला आत गेले. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या खोलीत सिमेंटची पोती होती. मागच्या दारातून डोकावले तर एक शेळी होती.

“कुठे आहे?” मी बाहेर येऊन विचारलं.

“कोण?”

“मिस्त्री. आला ना?”

“कुठं आला? पॉवर हाऊसच्या बाजारात आहे अजून.”

“मग निघाला आहे?”

“निघन नं,” मेश्राम म्हणाले. “चहा पिऊन राहिला तिकडं. येऊन राहिला तो.”

मी वाळूच्या ढिगाऱ्याशी तशीच उभी राहिले. मग पर्स उघडली, प्रत काढली आणि पहिलं पान पुन्हा वाचलं. चालणारा घरी येऊन राहिला. आम्ही वाचलं होतं, घरी आला आणि तिथेच राहिला. तिने लिहिलं होतं, घरी येतो आहे. अजून वाटेत आहे. मग दुसऱ्या पानावर तो चौकात नसेल तर कुठे असेल! सिद्धतेत कुठेच काही चूक नव्हती. मला हसू आलं आणि लाजही वाटली, आणि मी शीलाताईसमोरच हसत सुटले. तिला वाटलं, ऊन लागलं.

पल्लवीला सांगितलं तेव्हा तिने पान हातात घेतलं आणि बराच वेळ त्या वाक्याकडे बघत राहिली. “तुमच्याकडे याचा असा अर्थ होते?” ती मराठीत म्हणाली.

“हो.”

“मग येऊन राहिला कसं म्हणता तुम्ही?”

“येतो आहे.”

मी लगेच अध्यक्षांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, गणित बरोबर असेल तर प्रश्न मिटला. फक्त तेवढं ‘येत आहे’ करून घ्या, म्हणजे निवड जाहीर करतो. मी फोनवर हात ठेवून पल्लवीला म्हटलं, “झालं. तो एक शब्द बदलायचा, बस.”

शीलाताईने हात जोडून डोळे मिटले.

पल्लवी म्हणाली, “नाही, मॅडम.”

“काय नाही?”

“बदलला तर चूक होईन.”

“अवं, एक शब्द तर आहे!” शीलाताई ओरडली. “बदल नं. कावून अडून बसली?”

“तुझ्या भाषेचा अपमान म्हणून नाही ग हे,” मी समजुतीने म्हटलं. “वाचणाऱ्याला कळावं म्हणून.”

“अपमान वगैरे नाही, मॅडम. गणिताचं आहे.” तिने माझ्यापुढे हात केला. “मी बोलू का सरांशी?”

अध्यक्ष उलट बोललेलं खपवून घेत नाहीत. मंडळातली निम्मी माणसं त्यांना घाबरतात, उरलेली बैठकीला येत नाहीत. मी फोन तिच्या हातात दिला. मेश्रामांनी शेजारच्या घरावर चाललेलं कटर बंद करायला सांगितलं.

“हॅलो सर, मी पल्लवी मेश्राम.” ती उभी राहिली होती. “हो सर, मराठीतच बोलतो. माझी अशीच आहे, समजून घ्या. सर, ‘येत आहे’ म्हटलं की त्याचं तोंड घराकडं आहे असं वाटते. नाही का? याचं तसं नाही. हा चौकात नाणी टाकते. कधी घराकडं येते, कधी उलटा जाते. पाठ करून दूर जाऊन राहिला असन, तरी तो येऊन राहिलाच आहे.”

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. ती ऐकत होती आणि पेन नसल्यामुळे बोटं उघडझाप करत होती.

“नाही सर. ‘येईल’ बी नाही चालत. ‘येईल’ म्हटलं की लोक विचारतात, कधी? सरासरी अनंत आहे, सर, काय सांगू? आता आमचा मिस्त्री आहे. निघाला बी नाही अजून. पण आमच्या घरी कोणीच असं नाही म्हणत का तो येणार नाही. येऊन राहिला म्हणते. येणं पक्कं आहे, दिशा नाही, टाइम नाही. एवढं सगळं एका शब्दात तुमच्याकडं आहे का?”

‘तुमच्याकडं आहे का’ असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतः मनात शब्द शोधून पाहिला. मिळाला नाही. विद्यार्थिनीचं बरोबर आहे हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं, आणि उन्हाळा तिच्या हातून चालला आहे हेही दिसत होतं.

“हो सर,” ती म्हणाली. “हो. बरं. हो सर. देतो.”

पण फोन मला द्यायच्या आतच तो बंद झाला होता. तिने तो माझ्या हातात ठेवला. मेश्रामांनी विचारलं, “काय म्हणाले?”

“शब्द ठेवू म्हणाले. खाली तळटीप देऊ, पुण्या-सांगलीच्या लोकांसाठी.”

“तळटीप म्हणजे काय वो?” शीलाताई घाबरून म्हणाली. “काढून टाकलं का तुले?”

पल्लवीने चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

“म्हणजे घेतलं मले, आई.”